अर्धा खेळ, पुरे पैसे

2011 च्या जूनमध्ये 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' नावाचा एक गेम लोकांच्या हाती पडला. रॉकेट बांधायचं, हिरव्या चेहऱ्याच्या बुटक्या अंतराळवीरांना त्यात बसवायचं आणि उडवायचं, एवढाच खेळ. जायचं कुठे? कुठेच नाही. त्या पहिल्या आवृत्तीत चंद्र नव्हता, ग्रह नव्हते. खाली जमीन, वर आकाश आणि बहुतेक वेळा मधल्यामध्ये स्फोट. तो बनवला फेलिपे फालांगे या ब्राझिलियन तरुणाने, मेक्सिको सिटीतल्या 'स्क्वाड' या कंपनीत. कंपनीचा मूळ धंदा जाहिरात आणि मार्केटिंगचा. गेमशी तिचा संबंध नव्हता. फेलिपे लहानपणी चांदीच्या कागदाची चिमुकली माणसं करून फटाक्यांना बांधायचा आणि उडवायचा. त्या माणसांना त्याने कर्बल हे नाव ठेवलं होतं.

पुढे चंद्र आला, मग बाकीचे ग्रह आले, अवकाशात दोन यानं जोडण्याची सोय आली. गेम भरत गेला तशी त्याची किंमतही वाढत गेली. 2014 मध्ये नासाच्या सहकार्याने लघुग्रह पकडण्याची मोहीम त्यात आली. पूर्ण आवृत्ती निघाली ती 27 एप्रिल 2015 रोजी, म्हणजे जवळजवळ चार वर्षांनी. या काळात कुरकुर झाली, कडाक्याची भांडणंही झाली, पण लोक गेम टाकून निघून गेले नाहीत.

याच नावाचा दुसरा भाग 24 फेब्रुवारी 2023 रोजी आला. घोषणा 2019 ची, वायदा 2020 चा, मग तारीख पुढे पुढे. मध्यंतरी टेक-टू या प्रकाशक कंपनीने काम एका स्टुडिओकडून काढून घेतलं, स्वतःचा दुसरा स्टुडिओ थाटला आणि पहिल्यातली बरीच माणसं तिकडे ओढून नेली. एवढं होऊन शेवटी जे विकायला आलं तेही अपुरंच. किंमत मात्र 50 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने चार हजार रुपयांच्या आसपास. परक्या ताऱ्यांभोवतीची जगं, वसाहती, चारचौघांनी मिळून खेळण्याची सोय या सगळ्यावर 'पुढे येणार' असा शिक्का. हातात काय, तर पहिल्या भागात होतं त्याहूनही कमी. वातावरणात परतताना यान तापायचंसुद्धा नाही. महागड्या कॉम्प्युटरवरही गेम अडखळत चालायचा. त्या डिसेंबरमधल्या एका मोठ्या अपडेटने लोकांचा राग थोडा निवळला, तोच 2024 च्या मध्यापर्यंत सिएटलमधल्या त्या स्टुडिओचं शटर खाली आलं. गेम मात्र दुकानात तसाच विकायला राहिला.

विषय तोच, खेळाडूही बरेचसे तेच. पहिल्या वेळी त्यांनी चार वर्षं कळ काढली, दुसऱ्या वेळी पहिल्या आठवड्यातच त्यांचा तोल गेला. लोक किती महिने थांबले हे मोजून या फरकाचा उलगडा होत नाही. पहिल्या वेळी त्यांनी विकत घेतला होता तो समोर असलेला खेळ. दुसऱ्या वेळी त्यांना विकलं गेलं ते भविष्य. ज्याच्या हातात आज काहीतरी आहे तो खेळत बसतो. ज्याच्या हातात फक्त यादी आहे तो खऱ्या अर्थाने ताटकळत असतो, आणि धीर सुटतो तो त्याचा. अपुऱ्या गेमचं सगळं अर्थकारण आणि सगळी भांडणं या एका फरकाभोवती फिरतात, असं माझं मत आहे.

अपुरा खेळ आधी विकायचा आणि विकत विकत पुरा करायचा, या पद्धतीला आता सगळे 'अर्ली ॲक्सेस' म्हणतात. ती रुजवली 'माइनक्राफ्ट'ने. स्वीडनच्या मार्कुस पेर्सनने मे 2009 मध्ये त्याची पहिली कच्ची आवृत्ती लोकांपुढे ठेवली आणि लवकरच ती कमी दरात विकायलाही काढली. गेम 'पूर्ण' झाला तो नोव्हेंबर 2011 मध्ये. तोवर लाखो लोकांनी तो घेऊन झाला होता. 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची कंपनी अडीच अब्ज डॉलरना उचलली, तेव्हा घराघरांतल्या होतकरू प्रोग्रॅमरांच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते सांगायला नको. त्याआधीच, मार्च 2013 मध्ये, व्हॉल्व्ह कंपनीने आपल्या 'स्टीम' या ऑनलाइन दुकानात अपुऱ्या गेमसाठी वेगळी फळी मांडली होती. सुरुवातीला तिथे बारा गेम होते आणि 'कर्बल' त्यातलाच एक.

मराठी वाचकाला हा व्यवहार नवा वाटू नये. पुण्या-ठाण्यात खड्डाही न खणलेल्या इमारतीत फ्लॅट बुक करणारी आपली माणसं. एक फरक असा की गेममध्ये ताबा पहिल्या दिवशी मिळतो. प्लास्टर नाही, लिफ्ट नाही, तिसऱ्या खोलीच्या जागी नुसतं रेखाचित्र, पण राहायला जाता येतं. आणि फ्लॅटचे पैसे स्लॅब पडेल तसे हप्त्याने जातात, वर दाद मागायला 2017 पासून महारेरा आहे. गेमचे पैसे पहिल्याच दिवशी पुरे जातात. दाद म्हणजे काय, तर स्टीमचा परताव्याचा नियम: घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असेल तर पैसे परत. दोन तासांत माणसाला फार तर झाड तोडता येतं आणि झोपडी बांधता येते.

पैसे आधी मिळण्याचा परिणाम गेम बनवणाऱ्याच्या बाजूनेही पाहायला हवा. ज्याने गेम घेतला, त्याच्याकडून आता आणखी काही यायचं नाही. पुढच्या पाच वर्षांचे पगार निघतात ते नव्या गिऱ्हाइकांतून. जुन्याची मर्जी सांभाळायची ती एवढ्याचसाठी की त्याचा रिव्ह्यू वाचून नवं गिऱ्हाईक येतं. 2016 पासून स्टीम एकूण मतांशेजारी अलीकडची मतं वेगळी दाखवू लागलं, आणि जुन्या खेळाडूंच्या नाराजीला एकदम बाजारभाव आला. गेली सात वर्षं खूश असलेले लोक या महिन्यात चिडले, तर ते या महिन्यातच दिसतं.

पण पैसे फार आले तरी पंचाईत होते. 'डेझी'चं उदाहरण घ्या. डीन हॉल या न्यूझीलंडच्या माणसाने 2012 मध्ये दुसऱ्या एका युद्धखेळावर मॉड म्हणून, म्हणजे त्याच खेळात फेरफार करून, तो केला होता. झोंबींनी भरलेल्या पूर्व युरोपीय प्रदेशात बीन्सचा डबा शोधत हिंडायचं आणि झोंबीपेक्षा माणसाला जास्त घाबरायचं. 16 डिसेंबर 2013 रोजी प्रागच्या बोहेमिया इंटरॅक्टिव्हने तो स्वतंत्र गेम म्हणून अर्ली ॲक्सेसमध्ये आणला आणि महिन्याभरात दहा लाख प्रती खपल्या. झोंबी बंद दारातून आणि भिंतीतून आरपार यायचे. शिडी चढणं म्हणजे जिवाशी खेळ, कारण गोळी लागून मेलेल्यांइतकेच लोक शिडीवरून पडून मेले असावेत. लोक हसले, व्हिडिओ काढले, खेळत राहिले. फेब्रुवारी 2014 मध्ये हॉलने आपण वर्षअखेरीस सोडून जाणार असल्याचं सांगितलं. खरं दुखणं आणखी खोल होतं. गेम ज्या जुन्या इंजिनवर उभा होता तेच बदलायला घेतलं होतं.

काम रेंगाळतं ते इथे, आणि हेच खेळाडूला दिसत नाही. इंजिन म्हणजे गेमखालचा पाया: चित्र कसं काढायचं, दोन वस्तू एकमेकींवर आदळल्या हे कसं ओळखायचं, शंभर खेळाडूंना एकच जग एकाच क्षणी कसं दाखवायचं. पाया बदलताना वर्ष-दीड वर्ष राबूनही बाहेरून दिसायला काहीच नसतं. उलट जे चालत होतं तेही मोडतं. शिवाय बंद दाराआड बनणाऱ्या गेममध्ये सहा महिने सगळं मोडून ठेवता येतं, कोणाला पत्ता लागत नाही. अर्ली ॲक्सेसमध्ये वर माणसं राहतायत. त्यांच्या सेव्ह फायली आहेत, त्यांनी शंभर तास खपून बांधलेले किल्ले आहेत. प्रत्येक फेरफार त्यांना न दुखावता करायचा, किंवा दुखावून शिव्या खायच्या. त्यामुळे उघड्यावर बनणारा गेम बंद दाराआडच्या गेमपेक्षा संथ चालतो. आणि खेळाडूला वाटतं, आपले पैसे मिळाल्यावर तो जोरात चालायला हवा होता!

'डेझी' 1.0, म्हणजे पूर्ण, व्हायला डिसेंबर 2018 उजाडला. पाच वर्षं.

आता उलट टोकाचा गेम. 'प्रोजेक्ट झॉम्बॉइड'मध्येही झोंबीच, पण तिरक्या कोनातून वरून दिसणारे, जुन्या वळणाचे. साल 1993, जुलै महिना, अमेरिकेतलं केंटकी राज्य. सुरुवातीलाच गेम सांगून टाकतो की ही तुमच्या मरणाची गोष्ट आहे. मग तुम्ही पडदे ओढता, कारण उजेड दिसला तर ते येतात. कपाटात कॅनमधलं अन्न सापडतं आणि कॅन उघडायचा ओपनर नसतो. पहिले काही दिवस टीव्ही चालतो. त्यावरचा स्वयंपाकाचा कार्यक्रम बघितला तर तुमच्या पात्राला थोडा स्वयंपाक यायला लागतो. पुढे वीज जाते, मग नळ कोरडे पडतात, फ्रिजमधलं सगळं सडतं. एक चावा म्हणजे शेवट.

'द इंडी स्टोन' नावाच्या एका छोट्या ब्रिटिश गटाने 2011 मध्ये हा गेम लोकांपुढे आणला आणि पहिल्याच वर्षी त्यांच्यावर सगळी संकटं कोसळली. गेमची एक चोरटी प्रत फिरू लागली. तिच्यातलं अपडेटचं बटण दाबलं की फाइल यायची ती थेट यांच्या सर्व्हरवरून, आणि चोरांच्या डाउनलोडचं बिल यांच्या नावावर चढायचं. ऑक्टोबरमध्ये घरफोडी झाली आणि लॅपटॉप गेले. कोडची ताजी नक्कल दुसरीकडे ठेवलेली नव्हती. बरंचसं काम पुन्हा करायला लागणार, हे त्यांनी कबूल केलं तेव्हा लोकांनी त्यांना सहानुभूतीइतकीच झोडपणीही दिली. अगदी अडाण्यांनासुद्धा बॅकअपचं कळतं, असा सूर होता. तो चुकीचाही नव्हता.

एवढ्यावर दुसरा कोणी गाशा गुंडाळून गेला असता. हे लोक नियमित लिहू लागले. पुढे 'थर्सडॉइड' या नावाने, त्या आठवड्यात काय केलं याचा वृत्तांत: अमुक ॲनिमेशन झालं, तमुक अडलं, गाडी वळताना कुठे चुकतेय त्याचा व्हिडिओ. तारखा देणं त्यांनी जवळजवळ सोडून दिलं. 2013 च्या नोव्हेंबरमध्ये गेम स्टीमवर आला. त्याची 41 वी आवृत्ती ऑक्टोबर 2019 मध्ये चाचणीसाठी खुली झाली आणि पक्की व्हायला डिसेंबर 2021 लागला. पण मधली दोन वर्षं कोणी रिकाम्या हाताने बसलं नव्हतं. ज्याला नवं हवं त्याने चाचणीची शाखा निवडायची, ज्याला स्थिर हवं त्याने जुन्यावर राहायचं. त्या शाखेचं नावच मुळी 'मी माझ्या सेव्ह फाइलची नक्कल काढून ठेवीन' या इंग्रजी वाक्याच्या आद्याक्षरांवरून पाडलेलं. ज्यांची स्वतःची नक्कल काढायची राहिली होती त्यांनी खेळाडूंकडून ही प्रतिज्ञा वदवून घ्यावी, यातली गंमत त्यांच्या लक्षात आलीच असणार.

या शाखेच्या युक्तीला मी फार मानतो. धीराचा प्रश्न तिने खेळाडूच्याच हातात दिला. उतावळ्याने मोडकं घ्यावं, सावधाने थांबावं, आणि दोघांनी एकमेकांना नावं ठेवावीत. 41 व्या आवृत्तीत मिळून खेळण्याची सोय परत आली आणि जानेवारी 2022 मध्ये एका वेळी साठ हजारांहून अधिक लोक या दहा वर्षांहून जुन्या अपुऱ्या गेममध्ये हिंडत होते. सुरुवातीपासून कबूल केलेल्या, गेमनेच चालवलेल्या, आपापली बुद्धी वापरणाऱ्या जिवंत माणसांचा मात्र अजून पत्ता नाही. त्यावर विनोद होतात. मॉड करणाऱ्यांनी आपापल्या परीने तशी माणसं आणून बसवलीही आहेत.

स्वीडनमधल्या 'व्हॅलहाइम'ला उलट अनुभव आला. पाच जणांचा गट, एक जीबीतही मावणारा गेम, फेब्रुवारी 2021 मध्ये आला आणि महिन्याभरात पन्नास लाख खपला. खरेदीदार खूश होते, पण त्या वर्षात चार मोठे अपडेट देऊ अशी यादी त्यांनी आधीच प्रसिद्ध करून ठेवली होती. पन्नास लाख लोकांच्या बगच्या तक्रारी निस्तरताना ती यादी गुंडाळावी लागली. गेममध्ये धुक्याचा नवा प्रदेश 2022 च्या डिसेंबरमध्ये आला, राखेचा 2024 च्या मे महिन्यात. आधी आनंदाने शेकडो तास खेळलेले लोक यादीवर बोट ठेवून विचारू लागले. यादी नसती तर हेच लोक नव्या प्रदेशाला अनपेक्षित भेट म्हणाले असते, अशी माझी खात्री आहे.

यादीच्या बाबतीत सगळ्यात शहाणे निघाले ते टार्न आणि झॅक ॲडम्स हे दोन भाऊ. 'ड्वार्फ फोर्ट्रेस' त्यांनी 2006 मध्ये मोफत ठेवला. चित्रं नाहीत, सगळं जग अक्षरांनी आणि चिन्हांनी काढलेलं. देणगी देणाऱ्याला ते रंगीत खडूने काढलेलं चित्र किंवा छोटीशी गोष्ट पाठवायचे. आवृत्तीचा क्रमांक 0.34, मग 0.40, म्हणजे पूर्णत्व अजून किती दूर आहे ते नावातच. या दोन क्रमांकांच्या मध्ये दोन वर्षांचं अंतर, जून 2012 ते जुलै 2014, आणि त्यात एकही नवी आवृत्ती नाही. लोक थांबले, कारण जुन्यातच अजून सापडायचं होतं. 2015 च्या अखेरीस त्यांनी गेममध्ये दारूचे गुत्ते आणले आणि गावोगाव मांजरं मरू लागली. खेळाडूंनी कळवलं, टार्नने शोध घेतला. गेममधले बुटके दारू सांडतात, मांजर त्यावरून चालतं, पंजे चाटून साफ करतं, आणि प्रोग्रॅम त्या एका चाटण्याला अख्खा पेला धरतो. एवढ्याशा जिवाला ती मात्रा जास्त होते. ज्या गेममध्ये असं काही घडतं तिथे पुढच्या आवृत्तीची तारीख विचारायचं माणूस विसरतो. आजारपणाच्या खर्चाची धास्ती घेऊन भावांनी चित्रांची विक्रीची आवृत्ती काढायचं ठरवलं; ती डिसेंबर 2022 मध्ये स्टीमवर आली आणि काही आठवड्यांत खप पाच लाखांच्या घरात गेला. सोळा वर्षं ज्यांना फुकट मिळत होतं, त्यातले कितीतरी जण पैसे घेऊन रांगेत होते.

हे सगळं पाहिल्यावर चिडलेल्या रिव्ह्यूंकडे जरा वेगळ्या नजरेने बघता येतं. स्टीमवर प्रत्येक मताखाली तो माणूस किती तास खेळला ते छापलेलं असतं. 'फसवणूक आहे, घेऊ नका' या मजकुराखाली आठशे तास, हा प्रकार नेहमीचा. बाहेरच्याला ते हास्यास्पद वाटतं. मला तसं वाटत नाही. आठशे तास खेळलेल्याच्या हातातला खेळ संपलेला असतो. आता त्याच्याकडे उरते ती यादीच. पहिल्या दिवशी तो वर्तमान विकत घेणारा होता, आठशेव्या तासाला तो भविष्याचा धनको झालेला असतो. त्याचं बनवणाऱ्याकडे काही लागतं की नाही, यावर दोघांचं एकमत कधी होत नाही.

व्हॉल्व्हचं उत्तर सरळ आहे. काही गेम पूर्ण होणार नाहीत, तेव्हा आज आहे त्या रूपात खेळावंसं वाटत असेल तरच घ्या, असं ते गिऱ्हाइकाला बजावतात. 2014 मध्ये टिम शेफरसारख्या नावाजलेल्या माणसाच्या 'डबल फाइन' स्टुडिओने 'स्पेसबेस डीएफ-9' हा गेम अर्ध्यावर आवरला, 1.0 चा शिक्का मारला आणि उरलेलं तुम्हीच करा म्हणून कोड खुला केला. त्यानंतर बनवणाऱ्यांसाठीचे नियमही कडक झाले: भविष्याबद्दल ठाम आश्वासनं देऊ नका, आणि विक्री झालीच नाही तर पुढचं काम परवडणार नसेल तर येऊच नका. 2025 पासून वर्षाहून जास्त काळ अपडेट न आलेल्या गेमच्या पानावर स्टीम तशी सूचनाही लावतं. पण आज आहे तेवढंच बघून कोण घेतं? दुकानाच्या पानावरच 'पूर्ण आवृत्तीत काय वेगळं असेल' हा प्रश्न छापलेला असतो आणि खाली बनवणाऱ्याने रंगवून उत्तर दिलेलं असतं.

पैसे न घेताही लोकांना थांबवता येतं, हे पुण्याच्या 'सुपरगेमिंग'ने दाखवलं. त्यांच्या 'इंडस' या मोबाइल गेमची घोषणा 2022 मध्ये झाली, तो सर्वांना मिळाला 16 ऑक्टोबर 2024 रोजी, आणि तोवर एक कोटीहून अधिक जणांनी नाव नोंदवून ठेवलं होतं. यात कोणाचा रुपयाही अडकला नव्हता. त्यामुळे उशिराबद्दल ओरडणाऱ्याला हक्कही नव्हता आणि निघून जाणाऱ्याला अडवणारं काही नव्हतं. पैसे भरलेला माणूस शिव्या देत का होईना, थांबतो. न भरलेला शांतपणे दुसरा गेम उतरवून घेतो. बनवणाऱ्याला कोणता जास्त परवडतो, हे ठरवणं कठीण आहे.

उरतो तो दिवस, ज्याची सगळे वाट पाहतात असं मानलं जातं. 'सेव्हन डेज टू डाय' डिसेंबर 2013 मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आला आणि 25 जुलै 2024 रोजी 1.0 झाला. साडेदहा वर्षांनी. दरोडेखोर आणि कथानक हे जुने वायदे 1.0 मध्येही नव्हते. ते त्यानंतरच्या नव्या यादीत गेले. ज्यांनी कॉम्प्युटरवर तो पूर्वी घेतला होता त्यांना पूर्ण आवृत्ती आपोआप मिळाली, नव्यांसाठी किंमत 25 डॉलरवरून 45 वर गेली. कन्सोलवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठीची आवृत्ती 2016 मध्ये 'टेलटेल'ने प्रकाशित केली होती. 2018 मध्ये टेलटेल बुडाली आणि ती आवृत्ती जिथे होती तिथेच गोठली. कॉम्प्युटरवरचा गेम पुढे जाताना ते वर्षानुवर्षं नुसते बघत राहिले. 2024 मध्ये त्यांच्यासाठीही नवा, पुरा गेम आला, तेव्हा तो त्यांना पुन्हा पैसे भरून घ्यावा लागला.